सुरुवात १८२४ पासून करा
अमेरिकेच्या इतिहासातला अध्यक्ष जेफरसन ते अध्यक्ष जॅक्सन हा सगळा काळ एकदम वाचायला घेण्याऐवजी तुम्ही आधी १८२४ ची अध्यक्षीय निवडणूक नीट समजून घ्या, असे मी आग्रहाने सुचवेन. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचक मते (अध्यक्ष ठरवण्यासाठी राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांची मते) मिळाली. बहुमताला १३१ हवी होती, म्हणून राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीनुसार निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथे, प्रत्येक राज्याला एकच मत असताना, फेब्रुवारी १८२५ मध्ये ॲडम्स निवडून आले. पुढे क्ले यांना परराष्ट्रमंत्रिपद मिळाले, तेव्हा जॅक्सन-समर्थकांनी केलेला सौदेबाजीचा, म्हणजे ॲडम्स यांना दिलेल्या पाठिंब्याच्या बदल्यात क्ले यांना पद मिळाल्याचा, आरोप १८२८ च्या निवडणुकीपर्यंत धगधगत राहिला.

नवे वाचक इथे हमखास दोन चुका करतात. आजचे पक्ष ते त्या काळावर लादतात. वास्तविक हे चौघेही जेफरसन यांच्याच पक्षाचे होते. दुसरी चूक अधिक घातक आहे: लोकमताचे आकडे संपूर्ण देशाचे मानले जातात, पण २४ पैकी ६ राज्यांत, न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्यातसुद्धा, निर्वाचकांची निवड विधिमंडळच करीत असे.

बँकेचा वाद आणि आयातकर सध्या बाजूला ठेवा. राज्यांचा नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून जवळ असू द्या.