तिसरी पेटी मित्राच्या घरी

ताई, मी ५८ वर्षांचा, नाशिकला असतो. हायडन या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या सगळ्या सिंफनींचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनांचे, दोन संच माझ्याकडे आहेत. एक अन्ताल दोरातींचा, एक अ‍ॅडम फिशरचा, दोघेही वाद्यवृंदाचे संचालक; प्रत्येक संचात ३३ सीड्या. बायकोनं मागे एकदा विचारलं, "यातल्या ऐकल्यात किती?" मला उत्तर देता आलं नाही. आता हॉगवुड, ब्रुगन आणि दान्तोने या संचालकांचा ३५ सीड्यांचा संच घेतला, तो मित्राच्या पत्त्यावर मागवला. दोन आठवडे तिथंच पडून आहे. हिला कसं सांगू?
– एक संग्राहक

तिनं किंमत विचारली नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? जागा कुठंय, असंही म्हणाली नाही. ऐकल्यात किती, एवढंच. पेटी तुम्ही तिच्या रागापायी लपवलेली नाही, त्या प्रश्नापायी लपवलीत.

हसत नाहीये मी. माझ्या कपाटात फॉल-पिको न केलेल्या सहा साड्या आहेत आणि घेतली त्या दिवशी त्यातली प्रत्येक 'हवीच' होती. पण संच पुरा करण्यासाठी तुम्ही माणूसही मोठा अवघड निवडलात! आकडा १०४ वर थांबतो म्हणावं, तर 'ए' आणि 'बी' अशा दोन बाहेर उभ्याच. क्रमांकांवरही विसंबू नये. ७२वी लिहिलीय १७६० च्या दशकात, म्हणजे तिच्या आधीच्या आकड्यांतल्या कितीतरी सिंफनींच्या आधी. दोरातींचे वादक मूळचे १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेले. पश्चिम जर्मनीतल्या मार्ल गावात राहून त्यांनी हे सगळं ध्वनिमुद्रित केलं, १९६९ ते १९७२. वाजवायलाच इतकी वर्षं लागली, तर तुमचं ऐकायचं राहिलं याची एवढी शरम कशाला? "निम्म्याही नाही ऐकल्या गं" म्हणून मोकळे व्हा.

तिसरी पेटी वायफळ आहे असंही मला वाटत नाही. पहिले दोन्ही संच आजच्या वाद्यांवरचे. हा तिसरा हायडनच्या काळातल्या धाटणीच्या वाद्यांवरचा, तारा आतड्याच्या, आवाज जरा खरखरीत, हलका. पण हे तिला समजावत बसू नका. व्याख्यान दिलंत की संपलं.

त्यापेक्षा रविवारी सकाळी चहा टाकला की ६वी लावा. ६, ७ आणि ८ या १७६१ च्या, हायडन एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या नोकरीत नुकताच लागला होता तेव्हाच्या. नावं सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. भैरव सकाळीच का, हे आपल्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही, तसंच हेही. ६वीची सुरुवात अगदी दबक्या आवाजात होते, हळूहळू उजाडतं, आणि मग बासरी येते. आधी दोरातींची, मग नव्या पेटीतली. कुठली आवडली ते तिला विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका. मध्येच दुरुस्ती करू नका! दुपारची दुपारी. संध्याकाळच्या शेवटी वादळ आहे, ते जेवणाआधी उरकलेलं बरं.

४५वी मात्र इतक्यात नको. १७७२ मध्ये या घराण्याच्या राजेसाहेबांचा एस्टरहाझा या त्यांच्या उन्हाळी महालातला मुक्काम लांबला, वादकांची बायकामुलं तिकडं आयझेनश्टाट गावी. तेव्हा हायडननं शेवट असा लिहिला की एकेकानं वाजवणं थांबवायचं, मेणबत्ती विझवायची आणि उठून जायचं. उरतात दोन व्हायोलिनं. गोष्ट सुरेख आहे, पण नव्या श्रोत्याला उठून जायचं निमित्त आपण होऊन का द्या?

आणि त्याआधी मित्राकडे जाऊन पेटी घेऊन या. रात्री पिशवीत घालून नव्हे, दिवसाढवळ्या, हातात धरून. दार तिलाच उघडू दे.