पाणी नितळ, मग झाड खातं काय?

प्रश्न: पवई तलावाला रोज फेरी मारतो, तिथे जलपर्णी माजलेली असते. नॉर्वेत राहणाऱ्या मुलीने तिथल्या एका तळ्याचा फोटो पाठवलाय. पाणी काचेसारखं आणि तळाच्या वाळूत बोटभर उंचीच्या हिरव्या काड्यांचे झुपके. या पाण्यात ना क्षार, ना खत. मग ही झाडं जगतात कशावर?
– एक वाचक, चांदिवली

उत्तर: फोटो सोबत जोडलात हे फार बरं केलंत. मागे वळलेली, टोकाला बोथट पानं म्हणजे लोबेलिया डॉर्टमाना. तिचं पान आडवं कापलं की आत शेजारीशेजारी दोन पोकळ नळ्या दिसतात. सगळी गंमत त्या नळ्यांत आहे.

अशा मृदू पाण्यात कार्बनचीही चणचण असते. आपल्याकडची हायड्रिला पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटवर, म्हणजे कार्बन असलेल्या क्षारावर भागवते, इथे तेही नावालाच. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. तळाच्या गाळात मात्र जिवाणू काडीकचरा कुजवत असतात, तिथे हा वायू भरपूर. लोबेलिया तो मुळांनी घेते आणि नळ्यांतून पानात नेते. पानाची त्वचा जाड, मेणचट, त्यामुळे हाती आलेला वायू सहसा निसटत नाही.

वर्गात शिकवताना मला पुढचा भाग सगळ्यात आवडायचा. दिवसा पानात तयार झालेला ऑक्सिजन त्याच वाटेने खाली जातो आणि मुळांतून गाळात झिरपतो. गाळातलं लोह गंजतं, फॉस्फरस त्याला धरून बसतो आणि वरच्या पाण्यात कमी सुटतो. म्हणजे पाणी नितळ राहण्यात या इवल्याशा झाडाचाही हात असतो! गाळातला फॉस्फरस मिळवायला मुळांत राहणारी बुरशी मदत करते.

हे सगळं काटकसरीचं जगणं. वाढ अगदी हळू, पानं वर्षभर टिकवायची. पवईसारखं सांडपाणी आलं की शेवाळ आणि जलपर्णी भराभर वाढून ऊन अडवतात, आणि तळाशी बसलेल्या झाडाला उंच होऊन वर येणं जमत नाही.

याच राहणीची आयसोइटिस नावाची वनस्पती आपल्या सह्याद्रीतही आहे. तिच्या कुळात रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवण्याची सोय असते, निवडुंगासारखी. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कीली यांनी ती 1981 मध्ये दाखवली. पावसाळ्यात सड्यावरच्या उथळ डबक्यांत गवतासारखे झुपके दिसले तर उपटू नका. एकच पान ब्लेडने आडवं कापून भिंगाखाली धरा: लोबेलियात दोन, इथे चार पोकळ्या दिसतील.