शंभर सीसीवर इंदूर ते पुणे

प्रश्न : बाबांची २०१४ ची स्प्लेंडर सध्या मी चालवते. दिवाळीनंतर धाकट्या भावाला मागे बसवून इंदूरहून पुण्याला आत्याकडे जायचं मनात आहे. आत्या म्हणते, एवढीशी गाडी वाटेत सीझ होईल, म्हणजे इंजिन जाम होईल. मोबाईल अकरा-बारा तास दाखवतो. जावं का? इंजिन गार करायला दर तासाला थांबावं लागतं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, खुशाल जा. पण एका दिवसात नाही. मोबाईलचा तो हिशोब बहुधा चारचाकीचा असतो. तुमची गाडी दोघांना घेऊन ५०-५५ च्या वेगात दिवसभर कुरकुर न करता चालेल. त्याच्यावर तिला पिळत राहू नका. पहिला मुक्काम धुळ्याला करा. दुसऱ्या दिवशी मालेगाव, मनमाड, येवल्यावरून निघालात आणि अंग दुखायला लागलं, तर शिर्डीला आणखी एक मुक्काम करा. मला तर तीन दिवसांचाच बेत आवडेल.

अंतर जास्त झालं म्हणून इंजिन सीझ होत नाही. ऑइल कमी पडलं किंवा जळून काळंठिक्कर झालं की होतं. हे इंजिन वाऱ्यावर गार होतं, आणि हायवेवर वारा सतत मिळतो. राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते जास्त तापतं. तासाभराने जरूर थांबा, पण तुमच्या कमरेसाठी. तेव्हाच भावाला हँडल द्या, अर्थात त्याच्याकडे लायसन्स असेल तर.

निघण्याआधी ऑइल बदला आणि रोज सकाळी स्वतः तपासा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. ऑइलची काडी काढून पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. आटे आवळले की काडी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. चेन खालून बोटाने उचलून बघा, दोन-अडीच सेंटीमीटर हलली पाहिजे. फार ताणलेली चेन दोघांच्या वजनाने बेअरिंग खाते. जवळ क्लच केबल, प्लग आणि मागच्या चाकाची ट्यूब ठेवा.

मला खरी काळजी उतारांची वाटते. मानपूरच्या पुढे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता खलघाटकडे, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. त्याच टापूतला गणपती घाट ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम आहे. सेंधव्यानंतर बिजासन घाट लागतो. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि पकड सोडतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच तिसऱ्या गिअरमध्ये या, इंजिनला गाडी धरू द्या आणि ब्रेक अधूनमधून लावा. गाडी न्यूट्रल करून उतरायचं नाही, पेट्रोल कितीही वाचत असलं तरी! मागून ट्रक आला तर डावीकडे होऊन त्याला जाऊ द्या. तो शेजारून गेला की वाऱ्याचा धक्का बसतो, तेव्हा हँडल घट्ट आवळू नका, नाहीतर गाडी जास्त डगमगते.

अंधारात चालवू नका. जुन्या स्प्लेंडरचा दिवा इंजिन मंदावलं की मिणमिणतो, नेमका खड्ड्यासाठी वेग कमी कराल तेव्हाच. त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधारून येतं, म्हणून इंदूरच्या वेशीवरचं राऊ पहाटे उजाडता उजाडता सोडा आणि पाचला खोली शोधायला लागा.

सामान एका बॅगेत बसेल तेवढंच. दोघं बसलात की मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर बराच भार येतो. मागच्या टायरची हवा दोन माणसांच्या आकड्याला भरा. हेल्मेट दोघांनाही हवं.

आणि रिझर्व्ह लागल्यावर पेट्रोल भरलंत, की पंपावरच टाकीखालचा पेट्रोलचा कॉक ‘रिझर्व्ह’वरून पुन्हा ‘ऑन’ला फिरवा. तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी गाडी इशारा न देता कोरडी पडेल, आणि तेव्हा पंप जवळ असेलच असं नाही.