राज्यातच बनलेल्या बंदुकीला अमेरिकेचा केंद्रीय कायदा लागू होतो का?
होतो. मोंटानाने 2009 मध्ये कायदा केला: बंदूक राज्यात बनली, राज्यातच राहिली आणि तिच्यावर ‘मेड इन मोंटाना’ कोरलेलं असलं, की केंद्राचे नियम लागू नाहीत. टेनेसीसह इतर काही राज्यांनीही असे कायदे केले. 2013 मध्ये अपील न्यायालयाने मोंटानाचा दावा फेटाळला: राज्याराज्यांमधल्या (आंतरराज्य) व्यापारावर कायदे करण्याचा अधिकार केंद्राला आहे, आणि राज्यातच राहणारी वस्तूही त्यात येऊ शकते. आधार, घरी पिकवलेल्या गांजाबद्दलचा 2005 चा निकाल. त्यामागे 1942 चा निकाल, ज्यात शेतकऱ्याने स्वतःपुरता पिकवलेला गहूसुद्धा आंतरराज्य व्यापारात मोडला! (मला हे जरा ताणलेलंच वाटतं.)

झळ बसली ती सामान्यांना. कॅन्ससच्या अशाच कायद्यावर विसंबून बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर विकणारा आणि घेणारा, दोघेही 2016 मध्ये केंद्रीय न्यायालयात दोषी ठरले. तुरुंग टळला, प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्यावर) भागलं. पण गुन्ह्याचा शिक्का बसलाच.