इंजिन चालू आहे एवढ्यावर पैसे देऊ नकोस

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालीस त्या दोन्ही जुन्या मोटारसायकलींचे फोटो मोबाइलवर मोठे करकरून पाहिले. वाईच्या वाड्यात जिन्याखाली पडलेली येझदी, आणि पुण्यातली ती लालभडक, क्रोमने चमकणारी 'जावा'. तुझा कल कुठे आहे ते तू लिहिलेलं नाहीस, पण कळतं. पुण्याच्या गाडीचे फोटो ढीगभर, वर "काका, एका किकमध्ये चालू होते" अशी ओळ. वाईच्या गाडीचे जेमतेम तीन, त्यातही एकात अर्धी गाडी खाटेमागे.

म्हणून आधी त्या किकबद्दलच बोलू. चालू इंजिन ही जुन्या गाडीतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. बोअर करणं, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉडचं किट, बेअरिंगं, ऑइल सील, पॉइंट, कंडेन्सर हे सगळं आजही मिळतं. आपल्या उद्यमनगरात लेथवर बसणारा बरा माणूस तुझं इंजिन पुन्हा उभं करून देईल. पण गाडीचे कागद कुठल्या लेथवर बनत नाहीत. फ्रेमच्या मानेवर कारखान्यात ठोकलेला नंबर पुन्हा ठोकता येत नाही. मूळ पत्रा, मूळ चेनकव्हर, हेडलाइटचा मूळ डबा एकदा गेला की गेला. जे बनवून मिळत नाही त्याचे पैसे मोज. जे मिळतं, ते बिघडलेलं असलं तर उलट भाव पाडायला उपयोगी पडतं.

आता पुण्याची गाडी. विक्रेता तिला १९७९ ची जावा म्हणतो. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनायच्या, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं. म्हणजे १९७९ ची असेल तर ती येझदी आहे, कुणीतरी तिला जावाचे बिल्ले लावलेत. जावाला भाव जास्त येतो, एवढंच त्यामागचं कारण. आरसी बुकात 'आयडियल जावा' लिहिलंय असं तो दाखवेल, त्याने गोंधळू नकोस. कंपनीचं नाव शेवटपर्यंत तेच होतं, येझदीच्या कागदावरही तेच असायचं. येझदी असण्यात काही कमीपणा नाही, माझ्या मते ती तितकीच उत्तम गाडी आहे. पण ज्याने बिल्ल्यात हात मारला त्याने आणखी कुठे मारला असेल, ते शोधायला लाग.

खिशात लहानसं लोहचुंबक घेऊन जा. त्याला मऊ फडकं गुंडाळ, रंगाला ओरखडा नको. टाकीच्या दोन्ही कुशी, मडगार्डची कड, बाजूच्या डब्यांची झाकणं, सगळीकडून फिरव. जिथे ते नीट धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी चालते, पण बोटभर थर म्हणजे खाली पत्रा सडलाय किंवा गाडी जोरात आपटलीय. मग टाकीचं झाकण उघडून टॉर्च मार. आतला गंज खरडला जाऊन कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. बाहेरून आरशासारखी आणि आतून तांबूस, अशा टाक्या मी पुष्कळ पाहिल्यात.

नंबर बघायची रीत अशी. फ्रेमच्या मानेवर, हँडलच्या खाली, चेसिस नंबर असतो. त्याच्यावर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी घासत जा, ठसा उमटतो. आरटीओतही ट्रेस असाच घेतात. त्या ठशातले आकडे एका ओळीत, एका खोलीचे, एकाच वळणाचे आहेत का ते पाहा. एखादा आकडा कलंडलेला, भोवती ग्राइंडरच्या रेघा, किंवा फक्त त्याच जागी रंगाचा जाड थर, असं दिसलं तर चहा पिऊन परत ये. भाव विचारायच्या भानगडीत पडू नकोस. तसंच इंजिन नंबरचं. इंजिन बदललेलं असू शकतं, तो गुन्हा नाही, पण बदलाची नोंद आरसीत हवी. ट्रेस आणि आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाच.

"कागद मिळून जातील" असं तो म्हणालाय ना? मग मिळू दे. मिळाले की कळव म्हणावं.

वाईच्या गाडीचे कागद आहेत, पण ते विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावावर, आणि आजोबा आता नाहीत. तू लिहिलंस की नातू फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, सही करून द्यायला तयार आहे. त्याची सही चालणार नाही, कारण आज तो मालकच नाही. आधी वारसाच्या नावावर गाडी चढली पाहिजे. त्याला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती. त्यानंतर तो वारस तुला २९ आणि ३० देईल. दोन काका आणि एक आत्या असलेल्या घरात ही संमती गोळा करायला गाडी दुरुस्त करण्याहून जास्त वेळ लागतो. तुझा उत्साह ओसरायच्या आत हे सांगितलेलं बरं. शिवाय तीन अक्षरी जुन्या मालिकेचा नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर बहुधा सापडणार नाही. ती नोंद आधी ऑनलाइन चढवून घ्यावी लागते, तेही मूळ कार्यालयातून. नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर वेगळा. मधली सगळी वर्षं थकलेली असणार. या सगळ्याचा खर्च आणि हेलपाटे किमतीतून वजा करून माग. आणि हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं, तू पैसे दिल्यावर नाही.

एक गोष्ट तू विचारली आहेस, 'व्हिंटेज' नंबर घेऊ का म्हणून. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला तो मिळतो. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुला तर ती घेऊन शनिवारी सिंहगडावर जायचंय. तेव्हा साधी नोंदणीच जिवंत ठेव.

आता वाईला जाशील तेव्हा काय करायचं ते. मोह होईल, पण पहिल्यांदा किक मारू नकोस. तुला ठाऊक आहेच की हिचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, आणि जोर लावलास तर रिंग मोडेल किंवा किकचे दाते जातील. प्लग काढ. गाडी टॉप गिअरमध्ये टाक आणि मागचं चाक हाताने हळू पुढे-मागे कर. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोड आणि रात्रभर राहू दे. फिरत असेल तर कान लावून चाक जरा झटक्याने मागे-पुढे कर. आतून 'टक्' असा जाडसर आवाज आला की बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, गेलाय असं धर. म्हणजे क्रँक, पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा दांडा, उघडणं आलं.

मग हुक पाना लावून सायलेन्सरच्या पाइपचा नट सोडव. टू-स्ट्रोकची ही गंमत आहे, हेड न उघडता एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन दिसतो. टॉर्च मारून चाक हळूहळू फिरव, पिस्टन वर-खाली होताना त्याची कूस आणि रिंगा डोळ्यांसमोरून जातात. उभे खोल ओरखडे दिसले तर इंजिन कधीतरी जाम झालं होतं. रिंगेची कड चमकदार हवी, तिच्यावरून काळे डाग खाली उतरलेले असतील तर रिंग सील करत नाही. नट सोडवताना त्याच्या आट्याही बघ. घाईने आडवा चढवलेल्या नटाने त्या आट्या खाल्लेल्या असतात आणि मग तो पाइप आयुष्यभर धूर गळत राहतो.

एवढं बघून इंजिन खराब निघालं तरी नाराज होऊ नकोस. खरी यादी वेगळी आहे आणि ती तुला वहीत लिहून न्यायची आहे. चेनचं बंद कव्हर दोन्ही अर्धांसकट आहे का? पंक्चर काढणारे आणि घाईतले मिस्त्री ते काढून कोपऱ्यात टाकतात, आणि तिथून ते भंगारात जातं. बाजूच्या दोन्ही डब्यांची झाकणं आणि त्यांची कुलपं आहेत का? हेडलाइटच्या डब्यात मूळ स्पीडोमीटर आहे की भोक बुजवलंय? मूळ कार्ब्युरेटर आहे की दुसऱ्या कुठल्या गाडीचा बसवलाय? डायनॅमो आतून पूर्ण आहे का? कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तेव्हा आज 'कंपनीचा माल' म्हणून खोक्यातून येणारा प्रत्येक नग जरा संशयाने बघायचा. २०१८ नंतरच्या नव्या जावा आणि नव्या येझदीचं काही या गाडीला बसत नाही, त्या फोर-स्ट्रोक, नाव तेवढं सारखं. नाना पेठेत, जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला शोधशील तर पुष्कळ मिळतं. पण हरवलेला एकेक तुकडा शोधण्यात जे पैसे आणि रविवार जातात त्यापुढे इंजिनाचं बिल काहीच नाही. म्हणून चालणाऱ्या अर्ध्या गाडीपेक्षा बंद पडलेली पूर्ण गाडी घ्यावी, असं मी म्हणतो.

तुझा मित्र म्हणतोय तशी राजदूत ३५० पहिल्या खेपेला नको. ३४७ सीसीची दोन सिलिंडरची ती गाडी देखणी आहे, जोरकस आहे, आणि म्हणूनच तिच्या नावाने अर्धवट खोकी विकणारे फार झालेत. हात बसू दे, मग बघू.

गाडी घेतलीस की लगेच नटनट मोकळी करू नकोस. पुष्कळ येझद्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून मेल्यात. आधी आहे तशी चालू कर. नवे टायर-ट्यूब, ब्रेकचे लायनर, केबली, ६ व्होल्टचं वायरिंग, पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर बदल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, जुनं रबर आणि बुचाचे वायसर त्यात टिकत नाहीत. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेव. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली, अंदाजाने ओतायचं नाही, माप ठेव.

चालू झाल्यावर ती स्वतःच बोलते. धूर पांढरा आणि दाट येतोय आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलंय, इंजिन ते ऑइल पितंय. उलट धूर फारसा नाही, पण ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग चढत राहतो, तर डायनॅमोच्या बाजूचं सील हवा ओढतंय. हे दुसरं जास्त वाईट. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल-ऑइल कमी, आणि पिस्टन घाटात जाम होतो. तसं दिसलं की गाडी उभी करायची, "उद्या बघू" नाही.

क्रँक द्यायची वेळ आली तर माणूस निवडताना एकच प्रश्न विचार: प्रेसवर रॉड बसवल्यावर क्रँक ट्रू, म्हणजे एका रेषेत, कशावर करता? डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं मापयंत्र, लावतो म्हणाला आणि ०.०३ मिमीच्या आत आणतो म्हणाला तर दे. "अनुभव आहे, डोळ्याने कळतं" म्हणाला तर नमस्कार करून निघ. सिलिंडर बोअर करायला देताना पिस्टन आधी विकत घेऊन सोबत दे. बोअर त्या पिस्टनच्या मापाला करायचा असतो, खोक्यावर छापलेल्या आकड्याला नाही.

रंगाबद्दल माझं मत तुला पटणार नाही. वाईच्या गाडीच्या तिसऱ्या फोटोत टाकीवर मूळ रंग आणि त्यावरची हाताने मारलेली सोनेरी रेघ अजून शाबूत दिसते. ती पुसू नकोस. साबणाच्या कोमट पाण्याने धू, मेण लाव आणि एक पावसाळा जाऊ दे. त्यानंतरही नवा रंग हवा वाटला तर फ्रेम ब्लास्टिंगला देण्याआधी नंबरावर जाड टेप लावून दे आणि पावडर कोटिंगवाल्याला तो दाखवून सांग. वाळूच्या माऱ्याने आकडे बुजले तर आरटीओतल्या साहेबांपुढे तुझा हा काका काहीही कामाचा नाही. बेअरिंगच्या बैठकाही झाकून द्यायच्या, नाहीतर कोटिंगचा थर बसून कप आत जात नाहीत.

गाडीच्या किमतीएवढे पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवलेस तरच सौदा कर. बाकी लोक म्हणतील पोरीच्या पायात किक मारायचं बळ कुठलं. किकला बळ लागत नाही. पिस्टन वर आलेला पायाला कळला पाहिजे, मग पाय सरळ खाली. ते पाच मिनिटांत शिकवतो.

रविवारी वाईला जाणार असशील तर आदल्या रात्री फोन कर. हुक पाना तुझ्याकडे नसेल, माझा सातारच्या एसटीतून पाठवतो. आणि वाईच्या त्या आत्याची सही होईपर्यंत टोकन म्हणूनही एक रुपया देऊ नकोस.

तुझा,
काका