'दारिद्र्य' हा शब्द आधी खोड

प्रिय कविमित्रा,

कविता मिळाली. दोनदा मनात वाचली, तिसऱ्यांदा उभं राहून मोठ्यानं म्हटली, तर सहाव्या ओळीला धाप लागली. तू अजून ती उभ्यानं म्हटलेली नाहीस, खरं ना?

तिच्यात 'दारिद्र्य' चारदा येतं, 'व्यवस्था' तीनदा. माणूस एकही नाही. जिन्याखालच्या गळक्या नळाचं कडवं तेवढं मला पटलं.

जॉन कूपर क्लार्क ऐक. इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा कवी, जन्म १९४९चा. पंक, म्हणजे आक्रमक रॉक वाजवणाऱ्या बँडच्या आधी हा काडीपैलवान काळा चष्मा लावून एकटाच माईकसमोर यायचा. समोरची पोरं बँडसाठी आलेली, कविता कुणाला हवी होती? बाटल्या यायच्या. तो एवढा सुसाट बोलतो ते त्यामुळेच असावं. शिवी घालायलाही मध्ये फट मिळू नये.

त्याची 'बीझली स्ट्रीट' १९८०ची, सॅल्फर्डच्याच कॅम्प स्ट्रीटवरून सुचलेली. पंतप्रधान थॅचरबाई सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कवितेत कीव औषधालाही नाही. तिथल्या उंदरांना मुडदूस झालेला आहे! आधी हसू फुटतं. मग लक्षात येतं की हा आजार उपाशी, ऊन न मिळालेल्या पोरांचा. तिथे पोरांबद्दल चकार शब्द न काढता त्यानं तो उंदरांच्या गळ्यात घातला. दुसऱ्या एका ठिकाणी एका दमात मंत्री कीथ जोसेफ हसतो आणि एक बाळ मरतं. 'सत्ताधारी' असं गुळमुळीत नाही, थेट नाव. यमक इतकं ठोक्यात बसतं की ऐकणाऱ्याला मान फिरवायला वेळच मिळत नाही.

(पुढे वस्त्या चकाचक झाल्या तेव्हा त्यानं 'बीझली बुलेव्हार्ड' लिहिली. तीही ऐक, पण नंतर.)

उच्चार मात्र सुधारायला जाऊ नकोस. क्लार्कचा सॅल्फर्डी हेल कायम नाकातच राहिला. जमैकात जन्मलेल्या लिंटन क्वेसी जॉन्सन या कवीनं तर लंडनमध्ये राहून जमैकन बोलीत पोलिसांना झोडपलं.

तुझ्या वयात मीही माईकसमोर गरिबांसाठी गळा काढला होता. मागून कुणीतरी ओरडलं, 'पुढचा!' तेव्हा राग आला होता. आज वाटतं, ओरडणाऱ्याचे कान चांगले होते.

तर नळाचं कडवं ठेव, बाकीचं काढ. त्या नळावर पहाटे पहिला हंडा कोण लावतं, भांडण कशावरून होतं, ते लिही. पुढच्या वेळी कागद पाठवू नकोस, म्हणून दाखव.

तुझा,
एक जुना बडबड्या