सीनेचा पूर आणि जक्कयाचा हिशोब

प्रश्न : सलाम पाळकसाहेब. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्या मंडळीनं माढा-मोहोळकडच्या लोकांसाठी धान्य, चादरी गोळा केल्या. तरुण संघातली पोरं म्हणाली, हवामान परिषदांत गरीब देशांना न्याय मिळावा म्हणूनही प्रार्थना करू, तर एक वडील म्हणाले हे राजकारण, चर्चमध्ये नको. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सलाम भाऊ. चादरी दिल्या ते उत्तमच केलं, पण पोरं विचारतायत ते वेगळंय. बायबलात लूक 19 मधला जक्कय बघा, लोकांना लुबाडणारा जकातदार, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो आणि वर ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. म्हणजे खाती दोन, एक दानाचं, एक देणं फेडण्याचं. परिषदेत सगळी ओढाताण ह्या दुसऱ्या खात्यावरच चालते.

1992 च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात सगळ्यांनी मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. मग 2015 ला पॅरिस करारात हवामान बदलानं होणाऱ्या नुकसानीचं कलम आलं आणि सोबतच्या ठरावात लगेच लिहून घेतलं की ह्या कलमाच्या आधारे भरपाई मागता येणार नाही! 2022 ला इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत नुकसान निधी कबूल झाला, पण पैसे टाकणं ऐच्छिक, म्हणजे परत दानच. 2024 ला अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत गरीब देश वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलर मागत होते, श्रीमंतांनी 2035 पर्यंत वर्षाला 30 हजार कोटींवर नेऊ म्हणून सांगितलं, त्यात कर्जही धरायचं. जक्कय 'परत देतो, पण व्याजानं' म्हणाला असता तर प्रभू त्याच्या घरी जेवले असते का, मला शंकाय.

सीनेचा पूर फक्त हवामान बदलामुळंच आला असं कुणी छातीठोक सांगू नये, पण हवा 1 डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, हे खरंय.

आणि पोरांना एवढं सांगा, बोट फक्त अमेरिकेकडं नको. फताटेवाडीला 1320 मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आपल्याच उशाला आहे, त्या विजेवर आपला एसी चालतो आणि बिडी वळणारी बाई मे महिन्यात पत्र्याखालीच बसते. तिचं देणं कुणाच्या खात्यात, हे त्या वडिलांना एकदा विचारा, आणि प्रार्थना ह्याच रविवारी घ्या.